आईनं मान हलवली

गाब्रोवो, ४ मार्च

बिली,

फोन उचलत नाहीस, ठीक आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. मावशी फोनवर भाषण ठोकते, हे आपल्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. पत्राचं बरं असतं, मधेच ठेवून कॉफी करायला उठता येतं. लिफाफा वापरलेला आहे, उलटा करून चिकटवलाय. हसू नकोस, चिक्कूंचं गाव म्हणून गाब्रोवोचं नाव आहे, ते राखायला हवं.

सोबत लाल-पांढरा धागा आहे. लेकीच्या, लोटेच्या मनगटाला बांध, तुझ्याही बांध, आणि रीतीप्रमाणे पहिला करकोचा दिसला की सोड. तुमच्या हॅनोव्हरात करकोचे दिसत नसतील तर एखाद्या फुललेल्या झाडाला अडकवून टाक. टॉर्स्टन विचारेल हे काय, तर सांग सासूकडची रीत आहे. जावयाला तेवढं उत्तर पुरे होतं.

तुझी आई छान आहे. जेवते, झोपते, खिडकीत बसून गल्लीवर नजर ठेवते. उजवा हात अजून ऐकत नाही, पाय थोडा ओढते. बोलणं झटका आला त्या दिवशी गेलं ते गेलंच. तो एक 'हायदे' उरलाय, त्याच्यावर सगळा संसार चाललाय. सूप हवं तरी हायदे, नको तरी हायदे. टीव्हीवरच्या मंत्र्याला हायदे. मला तर दिवसभर हायदे. या एका शब्दात आपण माणसं काय काय कोंबतो ना! चल जाऊ, चल ये, चल नीघ, चल काहीतरीच. देवानं तिला एकच शब्द ठेवला, तोही असला चहूकडे तोंड असलेला.

लोक मला विचारतात, नेवेनाबाई, सगळे शब्द गेले आणि हाच कसा राहिला? गेल्या गुरुवारी वाचनालयात मी त्यावरच बोलले. हो, मावशी अजून दर गुरुवारी मेंदूवर बोलते. आयुष्यभर सोफियाच्या प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू तपासले, आता म्हातारपणी माणसांना समजावते. येतात वीसेक जण, निम्मे उबेला. त्यांना सांगितलं की शब्द शोधून वाक्य बांधायचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत चालतं. ताईचं रक्त अडकलं ते तिथेच. पण ज्या गोष्टी आपण शोधून बोलत नाही, शिव्या, गाणी, एक-दोन-तीन, देवाचं नाव, त्या दुसऱ्या वाटेनं येतात. ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. म्हणून ताई 'पाणी' म्हणू शकत नाही, पण लग्नातलं गाणं लागलं की दोन ओळी शब्दांसकट म्हणते आणि तिसरीला अडते.

पेन्चोभाऊ होताच. आठवतो ना, बसचा ड्रायव्हर, तुला शाळेत न्यायचा तो? पहिल्या रांगेत बसतो आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, "बाई, आपण म्हणे मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो. उरलेला मला आता म्हातारपणी मिळेल का?" मी म्हटलं, "पेन्चोभाऊ, आपण सगळाच्या सगळा वापरतो. तुझा तेवढाच आहे." सगळे हसले, तोही हसला.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात तू मला लिहिलंस ते मी किती वेळा वाचलं सांगता यायचं नाही. दवाखान्यात मी औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा तू तिला विचारलंस, आई, सगळं सोडून तुझ्यापाशी राहायला येऊ का? तिनं मान आडवी हलवली आणि म्हणाली, हायदे. 'नाही, नीघ. मावशी, अजून काय ऐकायचं राहिलं? पुन्हा त्या खोलीत मी उभी राहणार नाही.' असं लिहिलंस.

मान आडवी हलवली. बिली, शांतपणे विचार कर. आपल्याकडे मान आडवी हलवली की त्याचा अर्थ काय होतो? इकडे तुला दुकानदारानं 'ताजं आहे का'ला आडवी मान हलवली तर तू दही घेतेस की ठेवतेस?

घेतेस. इकडे आडवी म्हणजे हो, उभी म्हणजे नाही. मग तेव्हा का नाही घेतलंस?

मावशी


गाब्रोवो, १९ मार्च

बिली,

तुझं पत्र आलं. अर्ध्या पानाचं, पण आलं. मी ते दारातच उभ्यानं वाचलं आणि दूध उतू गेलं.

'मीही गाब्रोवोचीच आहे, मला मान कळते,' असं लिहिलंस. आणि पुढे जे लिहिलंस ते मला खरंच ठाऊक नव्हतं. लोटे लहान असताना फोनच्या पडद्यावर आजीला विचारायची, आजी, आइसक्रीम खाऊ? आजी प्रेमानं आडवी मान हलवायची, म्हणजे खा गं बाळा, आणि पोर भोकाड पसरायचं. म्हणून ताईनं आरशासमोर उभं राहून तुमची मान शिकून घेतली, उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. तेव्हापासून तुमच्या घराशी बोलताना ती तीच मान वापरायची. 'माझ्याशी ती जर्मन मान वापरते मावशी. टॉर्स्टन माझ्याशेजारी उभा होता. तिनं नाहीच म्हटलं.'

घ्या. माझी बहीण, जिनं चार गावांपलीकडे भाजलेली चीजची बानित्सासुद्धा कधी चांगली म्हटली नाही, ती जर्मन नातीसाठी आरशासमोर मान हलवत बसली आणि मला पत्ता नाही. मी हे वाचून तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, हायदे.

खरं सांगते, मागचं पत्र लिहिताना मला वाटलं होतं की गड जिंकला. पोर तिकडे राहून आपली रीत विसरली, मावशीनं आठवण करून दिली, झालं. आता तसं राहिलं नाही.

मग मी गुरुवारी लोकांवरच प्रयोग केला. म्हटलं, तोंडानं 'हो' म्हणा आणि मान उभी हलवा. वीस माणसं, एकालाही धड जमेना. कुणाची मान गोल फिरली, कुणी तोंडानंच 'नाही' म्हणून मोकळं झालं. पेन्चोभाऊ म्हणाला, "मला हे जन्मभर नडलंय. परदेशी लोक बसपाशी येऊन विचारायचे, जागा आहे का? मी मान हलवायचो, आहे की. ते बिचारे बॅगा घेऊन चालू पडायचे. मी म्हणायचो, काय माजलेत हे."

त्यांना समजावलं तेच तुलाही सांगते. मान हलवणं ही लहानपणी अंगात मुरलेली सवय. तिच्यावर दुसरी सवय शिकली, तर पहिली जात नाही. दोन्ही राहतात, आणि एक वापरताना दुसरीला दाबून धरावं लागतं. हे दाबून धरायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं. धडधाकट माणसाचंसुद्धा दमल्यावर चुकतं. ताईच्या डोक्यात तर नुकताच पूर येऊन गेला होता. शिवाय ज्यांची वाचा अशी जाते त्यांच्यात पुष्कळांचं 'हो' आणि 'नाही' आपसात बदलतं, आपण इथले असू नाहीतर चीनचे. मनात हो असतं, बाहेर नाही येतं. त्यांचं त्यांना कळतं आणि ती माणसं चिडतात.

मग घरी तपासून पाहिलं. विचारलं, ताई, तुझं नाव राडका ना? उभी मान. मी तुझी आई आहे का? आडवी. म्हटलं वा, जर्मन मान चालू आहे. मग विचारलं, छपरावर गाय बसली आहे का? ती खदखदून हसली आणि जोरात उभी मान हलवली. म्हणजे प्रश्न कळतोय, गंमत कळतेय, तरी मान भलतीकडेच. दुसऱ्या दिवशी सगळं उलट. लोटेचा फोटो पुढे ठेवून विचारलं, फोटो काढून ठेवून विचारलं. काही ताळमेळ लागेना. शेवटी तिनं मला चमचा फेकून मारला, तोही डाव्या हातानं आणि अगदी नेमका. तेवढं एक उत्तर स्वच्छ होतं.

तेव्हा बिली, तू त्या दिवशी जे पाहिलंस ते पाहिलंस. त्याचा अर्थ काय, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक नाही. मी पहिल्या पत्रात फार टेचात लिहिलं होतं.

लोटेला करकोचा दिसला का, ते कळव.

मावशी


गाब्रोवो, ५ एप्रिल

माझी बिली,

या वेळी चार पानं लिहिलीस. अक्षर अजून आठवीतल्यासारखंच आहे, ओळी खाली उतरतात.

तू लिहिलंस, 'मावशी, तू शास्त्रज्ञ आहेस, मी तुझ्या शब्दावर चालते. हो म्हणाली होती, एवढं लिही. मी तिकिटं काढते.'

हे पत्र खिशात घेऊन मी तीन-चार दिवस हिंडतेय. एक शब्द लिहायचा आहे. लिहिला की तू येशील, ताईला तू मिळशील, मला रात्रीची झोप मिळेल. पेन्चोभाऊ काल लाकडं टाकायला आला होता, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "लिहून टाक की बाई, हो म्हणाली म्हणून. कुठे कोर्टात जायचंय? पोर घरी आल्याशी मतलब." मी म्हटलं, "आणि आल्यावर पहिल्याच सकाळी ताईनं पुन्हा तशीच मान हलवली तर?" तो म्हणाला, "मग तेव्हाचं तेव्हा." बस चालवणाऱ्याला पुढचं वळण आलं की बघता येतं. मला नाही येत.

आणि दुसरंही आहे. तिच्याजवळ एकच शब्द उरलाय गं. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं ठरवायचा? तिला बोलता येत नाही म्हणून आपण सगळेच तिच्या वतीनं बोलायला लागलोय. डॉक्टर बोलतो, शेजारीण बोलते, मी तर बोलतेच. तिच्या तोंडात माझा शब्द मी घालणार नाही. रागावलीस तरी चालेल.

तुझ्याशी मात्र मी एक लबाडी केली. आई छान आहे असं लिहिलं होतं. छान नाहीये. फोन वाजला की तिचा बांध फुटतो. नुसता वाजला तरी. वीजवाल्यांचा असो, कुणाचाही असो. मी ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस की ही माझ्यासाठी रडते, किंवा म्हणाली असतीस की मावशी मला रडवायला बघते. आणि खरं काय ते मला सांगता आलं नसतं. असा झटका आल्यावर रडू आवरायचा लगाम सैल होतो. माणूस बातम्या बघूनही रडतो, कधी कारणाशिवायही. त्यामुळे रडणं हा पुरावा धरता येत नाही. पण मी तिच्या शेजारी बसलेली असते, आणि पुरावा असो नसो, मला बघवत नाही.

तुझ्या आठवणीबद्दल एक सांगू? राग मानू नकोस. तू लिहिलंस, तो चेहरा तुला आता रोज दिसतो, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट, 'नीघ' म्हणणारा. डिसेंबरातल्या पत्रात आठ्या नव्हत्या. मी काढून पाहिलं. फक्त मान होती आणि शब्द होता. माणसाची आठवण कपाटात घडी करून ठेवलेली नसते. कणकेच्या गोळ्यासारखी असते. आठवलं की गोळा हातात येतो, मऊ होतो, आणि परत ठेवताना त्यावर बोटं उठलेली असतात. तू चार महिने रोज तो गोळा मळलास, रडत मळलास. आठ्या तुझ्या बोटांच्या आहेत, बाळा.

आणि मुळात पाहतानाही आपण कोरे नसतो. डोळ्यांनी सांगायच्या आधी मेंदू अंदाज बांधून बसतो, आणि अंदाजाला जुळेल तेच आधी दिसतं. तुझ्या बाबांच्या वेळी तुझं विमान चुकलं, तू माती झाल्यावर पोचलीस, आणि ताईनं तुला दारातच सुनावलं, 'आता आलीस तरी काय आणि नाही आलीस तरी काय.' ते तिनं म्हणायला नको होतं. नवरा गेलेली बाई काहीही बोलते, पण नकोच होतं. त्या दारातून तू अजून आत आलेली नाहीस. मग दवाखान्यात आडवी मान दिसली, तर तुझ्या डोक्यानं तिचा दुसरा कोणता अर्थ लावायचा?

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. इतकंच म्हणते की त्या दिवसाचा निकाल आता लागणार नाही. तो प्रश्न गेला. त्याच्यापाशी बसून राहू नकोस.

पण विचारायचंच असेल तर पुन्हा विचार. मला नको, तिला विचार. पत्र तिच्या नावानं लिही. ऐकलेलं तिला बहुतेक सगळं कळतं, त्याची मी हमी देते. वाक्यं लहान लिही, एका दमात दहा गोष्टी सांगू नकोस, म्हणजे माझ्यासारखं लिहू नकोस. मी वाचून दाखवीन. उत्तर कसं येईल हे मला ठाऊक नाही. जसं येईल तसं कळवीन, एक अक्षर वाढवणार नाही.

मावशी


गाब्रोवो, २४ एप्रिल

बिली,

ताईच्या नावाचं पत्र काल आलं. ठरल्याप्रमाणे जसं झालं तसं लिहिते.

आज सकाळी तिचे केस विंचरले, खिडकीतल्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, बिलीचं पत्र आहे, तुला आहे, मला नाही. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, डाव्या हातानं मांडीवर सपाट केलं, बराच वेळ पाहिलं. मग मला दिलं. मी वाचलं. तू छान लिहिलंयस. 'आई, मी चिडले होते. आई, मला तुझी आठवण येते. ईस्टरच्या सणाला मी आणि लोटे येतो. चालेल का? तुला नको असेल तरी मी रागावणार नाही.' शेवटचं वाक्य मला वाचताना जड गेलं, पण वाचलं.

तिची मान हलली. आधी आडवी. मग तिलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, उभी हलवली. मग पुन्हा आडवी. मग डोळे मिटले. मी म्हटलं, ताई, सावकाश. ती म्हणाली, हायदे. मी विचारलं, ये म्हणतेस? हायदे. नको म्हणतेस? हायदे. आवाज वर गेला, चेहरा लाल झाला. तिनं खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली. मग रडली. मीही रडले, माझ्या मेंदूला काही झालेलं नसताना.

मग मी माझं शास्त्र गुंडाळून घेवड्याचं सूप टाकायला स्वयंपाकघरात गेले. मनात तुला लिहायचं वाक्य जुळवत होते, 'काही कळलं नाही, बाळा.' कांदा चिरला, घेवडा टाकला. जरा वेळानं लक्षात आलं की बाहेरून आवाज नाही. जाऊन बघते तर खुर्ची रिकामी. काठीही जागेवर नाही.

ती तुझ्या खोलीत होती. कपाटाचं दार उघडं, चादरी निम्म्या जमिनीवर. पलंगावर चादर घातलेली होती, घातलेली म्हणजे एका बाजूनं खाली लोळत होती आणि दुसरीकडे गादी उघडी. ती पलंगाच्या कडेला बसून उशीला अभ्रा चढवत होती. उजवा हात मांडीवर पडलेला, अभ्र्याचं एक टोक दातांत धरलेलं, उशी गुडघ्यात दाबलेली, आणि डाव्या हातानं ती इंच इंच आत ढकलत होती. घाम आला होता. मी पुढे होऊन म्हटलं, दे इकडे, मी करते. तिनं माझ्या हातावर फटका मारला. जोरात. अजून लाल आहे.

मी दारात उभी राहिले. किती वेळ लागला सांगत नाही. ती उशी झाली, तशी तिनं ती थोपटली, उशाशी ठेवली. मग वाकली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून दुसरी काढली. छोटी. तू लहानपणी घ्यायचीस ती नव्हे, ती कधीच फाटली. ही नवी आहे, निळ्या काठाची, दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून चिकटलेली. ती केव्हा आणून ठेवली होती, मला माहीत नाही. माझ्याकडे न बघता तिनं तिचा अभ्रा दातांत धरला.

मी इतके दिवस तिच्या मानेला विचारत होते, जिभेला विचारत होते. जे अवयव अडलेत त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारत बसले, आणि वर मेंदूवर व्याख्यानं देते.

छोट्या उशीचं काम जेवणानंतरही चालू होतं. सूप गार झालं, ती उठली नाही. मी पुन्हा मदत करायला गेले नाही. शेवटी तिनं दोन्ही उश्या शेजारी शेजारी लावल्या, चादर ओढून पाहिली, ती काही सरळ होईना, तशी सोडून दिली आणि त्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. अजून तिथेच बसली आहे. तिला वाटतंय तुम्ही आजच येणार.

मी तिला समजावलं, ताई, सणाला येतील, अजून अवकाश आहे. ती हलत नाही. तेव्हा तिकिटं जरा अलीकडची मिळतात का ते बघ.

चादर वेडीवाकडी आहे, मी मुद्दाम हात लावलेला नाही. तूही सरळ करू नकोस. तशीच तिच्यावर झोप.

मावशी